‘नको’ म्हणजे ‘वद्दु’ : आदिलाबादच्या मराठी माणसाची रोजची तेलुगू

प्रस्तावना

कापसाची गाडी काट्यावर चढण्याआधी एक माणूस पुढे येतो, हातातलं छोटं यंत्र कापसात खुपसतो आणि आकडा सांगतो. शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब त्या आकड्यावर ठरतो. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भाव कापला जातो आणि 12 च्या वरचा कापूस घेतलाच जात नाही. ओलाव्याला तेलुगूत ‘तेम’ म्हणतात, वजनाला ‘तूकम’ आणि घटीला ‘तरुगु’. बेला, जैनथ, भीमपूर या पैनगंगेकाठच्या मंडळांतली कितीतरी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या कापूस घेऊन आदिलाबादला येतात. ‘तेम एंत?’ म्हणजे ओलावा किती, एवढे दोन शब्द तोंडातून न निघाल्यामुळे, न कळलेल्या आकड्याला मान हलवून गाडी पुढे नेणारे बाप्ये मी पाहिले आहेत. त्यांना हिशेब येत होता, भावही माहीत होता. अडलं होतं ते दोन शब्दांपाशी.

ही पुस्तिका अशा दोन-दोन शब्दांसाठी आहे. लेखिका आमच्याच जिल्ह्यातल्या शिक्षिका आहेत. त्यांनी हस्तलिखित हातात दिलं तेव्हा मी आधी अनुक्रमणिका पाहिली. तिथे नाम, सर्वनाम, विभक्ती, काळ काहीच नव्हतं. होतं ते असं : बस, बाजार, दवाखाना, मीसेवा (सरकारी दाखल्यांचं केंद्र), मंडळ कचेरी, रेशन, शाळेतली सभा, कापसाचा काटा. प्रस्तावना लिहायला मी तिथेच होकार दिला.

बाहेरचा माणूस मला नेहमी विचारतो, आदिलाबाद तर तेलंगणात, मग तिथे एवढी मराठी कशी? खरं तर इथे मराठी बाहेरून आलेली नाही. निजामाच्या राज्यात 1905 साली हा जिल्हा झाला तेव्हा राजुरा आणि किनवट हे आदिलाबादचेच तालुके होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली. राजुरा, किनवट आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्याकडे गेलं, तर नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं इकडे आली. म्हणजे भैंशाचा माणूस घरातून न हलता नांदेडकराचा आदिलाबादकर झाला आणि किनवटच्या माणसाचं नेमकं उलट झालं. पुढे 2014 मध्ये तेलंगण झालं. 11 ऑक्टोबर 2016 ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, भैंसा-मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. सोयरिकी मात्र कुठल्याही अधिसूचनेने बदलल्या नाहीत. आजही आमच्याकडे केळापूर, वणी, किनवट, माहूरकडून सुना येतात आणि आमच्या लेकी तिकडे जातात.

या पुस्तिकेची पहिली वाचक मला तीच सून वाटते. शाळेतल्या मुलांची सोय झाली आहे. तेलंगणाने 2018 साली कायदा करून पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची केली, त्यामुळे आमच्या मराठी माध्यमाच्या शाळांतली पोरंसुद्धा तेलुगू वाचतात. पण विशीत लग्न होऊन पैनगंगा ओलांडून आलेल्या मुलीला ती शाळा कुठून मिळणार? डिसेंबर 2023 पासून राज्याच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण त्यासाठी तेलंगणाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. ‘आधार चूपिंचंडि,’ असं कंडक्टर म्हणतो. तिचं आधार अजून माहेरच्या पत्त्याचं. पत्ता बदलायला दिलाय, पावती आहे, एवढं तिला सांगायचं असतं. ते सांगता येत नाही म्हणून ती मुकाट्याने पैसे काढते. पुढच्या वेळी नवऱ्याला नाहीतर लहान दिराला सोबत नेते. आणि मग त्याच्याशिवाय कुठे जातच नाही. घरातून एकटीने निघण्याचं बळ असं तिकिटाच्या दोन वाक्यांवर येऊन थांबतं. याच्यावर कुणी लिहीत नाही. लेखिकेने लिहिलं आहे, म्हणून बसचा धडा या पुस्तिकेत पहिला आहे.

हिंदीने भागतं की, असं पुष्कळ जण म्हणतात. आदिलाबाद शहरात भागतं हे खरं आहे. निजामाच्या काळापासूनची दखनी इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. भाजीवाला, रिक्षावाला, मेडिकलवाला, सगळे हिंदीत बोलतात. पण हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला अर्धं उत्तर मिळतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. कचेरीतला माणूस तुमच्याशी हिंदीत दोन वाक्यं बोलतो आणि मग मान वळवून शेजारच्या टेबलावर तेलुगूत पाच वाक्यं बोलतो. तुमचं काम त्या पाच वाक्यांत असतं.

दवाखान्यातला एक प्रसंग सांगतो. माझ्या आईला पोटदुखीसाठी घेऊन गेलो होतो. मी खाली औषधं आणायला गेलो, तेवढ्यात वर नर्स आईला गोळी कशी घ्यायची ते सांगून गेली. आईच्या कानावर दोन शब्द आले, ‘मुंदु’ आणि ‘मंदु’. ‘मंदु’ म्हणजे औषध, हे तिला ठाऊक होतं. ‘मुंदु’ म्हणजे आधी, हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बाई एकच शब्द दोनदा बोलली. नर्स म्हणाली होती ‘तिने मुंदु’, खायच्या आधी. आईने आठ दिवस गोळी जेवल्यावर घेतली. गोळीने गुण का येत नाही, म्हणून आम्ही पुन्हा गेलो तेव्हा उलगडा झाला. फार काही बिघडलं नाही. पण म आणि मु यांच्यातल्या एका उकाराने आठ दिवस दुखणं लांबलं, हे मी विसरलो नाही. पुस्तिकेत ‘तिने मुंदु’ आणि ‘तिन्नाक’, म्हणजे जेवणाआधी आणि जेवल्यावर, ही जोडी मोठ्या अक्षरांत चौकटीत छापली आहे. ती तशी छापा, एवढीच एक सूचना मी लेखिकेला आग्रहाने केली होती.

आता शिकण्याकडे वळू. तेलुगू अवघड आहे, ती द्राविड, आपली आर्य, लिपी गोल-गोल, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटतं, हा समज आपल्याला जेवढा नडला तेवढी भाषा नडलेली नाही. शब्द वेगळे आहेत, पण शब्द जिथे बसवायचे त्या जागा आपल्या ओळखीच्या आहेत. ‘मला तेलुगू येत नाही’ याचं तेलुगू ‘नाकु तेलुगु रादु’. नाकु म्हणजे मला, रादु म्हणजे येत नाही. तिन्ही शब्द आपल्याच क्रमाने, आणि भाषा ‘येते’ ही कल्पनासुद्धा आपलीच. ‘मला पाणी पाहिजे’ म्हणजे ‘नाकु नीळ्ळु कावालि’. ‘येतो म्हणून सांगितलं’ म्हणजे ‘वस्तानु अनि चेप्पिंडु’. आपलं ‘म्हणून’ जिथे बसतं, तिथेच त्यांचं ‘अनि’ बसतं.

याहून जवळची गोष्ट नकाराची. मराठीत ‘नाही’ आणि ‘नव्हे’ वेगळे आहेत. माझ्याजवळ पैसे नाहीत, पण हे पैसे माझे नव्हेत. हिंदीवाल्याला हा फरक समजावून सांगावा लागतो, तेलुगूवाला तो घरूनच घेऊन येतो. ‘लेदु’ म्हणजे नाही, ‘कादु’ म्हणजे नव्हे. ‘ना दग्गर लेदु’, माझ्याजवळ नाही. ‘अदि नादि कादु’, ते माझं नव्हे. आणि आपलं लाडकं ‘नको’! हिंदीत त्याला ‘नहीं चाहिए’ असे दोन शब्द जोडावे लागतात. तेलुगूत एका शब्दात काम होतं : वद्दु. चहा घेता का? वद्दु. पिशवी देऊ? वद्दु. लहान मूल आधी ‘नको’ शिकतं, तसं या पुस्तिकेतही ‘वद्दु’ पहिल्या पानावर आहे.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचंही तसंच. आपण जाऊ म्हटलं की समोरचा त्यात आला, आम्ही जातो म्हटलं की तो वगळला. हिंदीत दोन्हीला ‘हम’. तेलुगूत ‘मनम’ म्हणजे आपण आणि ‘मेमु’ म्हणजे आम्ही. गावच्या सभेत बोलायला उभं राहायचं तर हा फरक जिभेवर असलाच पाहिजे. ‘मन ऊरु’ म्हटलं तर आपलं सगळ्यांचं गाव, ‘मा ऊरु’ म्हटलं तर आमचं गाव, तुमचं नाही. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त शब्द सांगावे लागतात. मराठीच्या हाडात किती द्राविड अंश आहे यावर विश्वनाथ खैरे यांनी पुष्कळ लिहिलं आहे. त्या वादात मी शिरत नाही. ‘नको’ आणि ‘वद्दु’ मला आठवडी बाजारात शेजारी-शेजारी बसलेले दिसतात, तेवढं पुरे.

शब्दांतही आपण वाटतो तेवढे गरीब नाही. निजामाच्या कारभाराने दोन्ही भाषांत एकच शब्द पेरले. तेलंगणाच्या बोलीत इस्पितळाला ‘दवाखाना’च म्हणतात. ‘जर’ म्हणजे आपलं जरा. पाव किलो म्हणजे ‘पावु किलो’. अर्जाला ‘दरखास्तु’, दुकानाला ‘दुकाणम’, कागदाला ‘कागितम’, खिडकीला ‘किटिकी’, दिवसाला ‘रोजु’. जमीन एकरात आणि गुंठ्यातच मोजतात. शेतकऱ्याला ‘रैतु’ म्हणतात, तो आपलाच ‘रयत’ शब्द. 2018 ची ‘रैतु बंधु’ योजना आमच्या मराठी शेतकऱ्यांना नावावरूनच कळली होती. आणि अक्का, अण्णा तर दोन्ही घरचे. बाजारात कुणालाही अक्का म्हणून हाक मारा, पुढचं वाक्य मोडकं असलं तरी ती ऐकून घेते.

मात्र ओळखीचे दिसणारे शब्द फसवतात, तिथे जपून राहावं लागतं. ‘मी पेरु एंटि?’ असा प्रश्न कानावर पडला की मराठी माणूस गोंधळतो. मी म्हणजे तुमचं, पेरु म्हणजे नाव. तुमचं नाव काय, एवढंच ते विचारतात. ‘मीसेवा’ केंद्राची पाटी आपण रोज वाचतो आणि ‘मी’ हा आपला मी समजतो. ती ‘तुमची सेवा’ आहे. वाढताना ‘चालु’ म्हटलं तर वाढणारा थांबतो, कारण चालु म्हणजे पुरे. त्यातला च ‘चमचा’मधल्या चसारखा म्हणा, ‘चहा’मधल्यासारखा नको. आणि एक शब्द मुद्दाम सांगायला हवा, कारण त्यावरून मी भांडणाला तोंड फुटताना पाहिलं आहे. ‘रा’ म्हणजे ये, आणि आदराने ‘या’ म्हणायचं तर ‘रंडि’. ‘अंडि’ हा आदराचा प्रत्यय आहे. सांगा म्हणजे ‘चेप्पंडि’, बसा म्हणजे ‘कूर्चोंडि’, तसंच या म्हणजे ‘रंडि’. आपल्या कानाला तो शब्द शिवीसारखा लागतो आणि नवीन आलेली सून लाल होते. तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं की बाई, तुला मानाने बोलावताहेत.

उच्चाराबद्दल थोडंच सांगतो. तेलुगू शब्द बहुधा स्वरावर संपतो आणि आपण तो स्वर गिळतो. ‘मंदु’चं ‘मंद’ करतो, ‘पेरु’चं ‘पेर’. तो शेवटचा उ गिळू नका. दुसरं म्हणजे ए आणि ओ तेलुगूत ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मेड ऱ्हस्व म्हटलं तर मान, दीर्घ म्हटलं तर माडीचं घर. आपल्या नेहमीच्या देवनागरीत हा फरक दाखवायची सोय नाही, लेखिकेने दीर्घ अक्षराखाली रेघ मारून तो दाखवला आहे. आपला ळ त्यांच्याकडे जसाच्या तसा आहे. अर्धी लढाई तिथेच जिंकली.

एका बाबतीत माझं लेखिकेशी पटलेलं नाही, तेही लिहितो. त्यांनी लिपी शेवटच्या धड्यात टाकली आहे. मी ती दुसऱ्या आठवड्यातच घेतली असती. बसच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठीवरचा शिक्का, पासबुकातलं स्वतःचं नाव हे वाचता आल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहतो. आणि तेलुगू अक्षरमाला आपल्याच क्रमाने चालते, क ख ग घ, च छ ज झ. वळणं तेवढी नवी शिकायची. त्यांचं म्हणणं असं की आधी तोंड उघडू दे, लिपीच्या भीतीने माणूस दुसऱ्या दिवशी वही मिटतो. त्यांनी शिकवलं आहे, मी नाही, म्हणून मी गप्प बसलो. बोली मात्र त्यांनी नेमकी निवडली आहे. वर्तमानपत्रातलं ‘वस्तुंदि’ नाही, तर इथल्या तोंडचं ‘वस्तदि’. ‘बस एप्पुडु वस्तदि? इदि उट्नूरु पोतदा?’ बस कधी येते, ही उटनूरला जाते का, असं विचारलं की बसस्टँडवरचा माणूस तुमच्याकडे पाहुणा म्हणून बघत नाही.

प्रसंगातून भाषा शिकवणं हे आमच्या जिल्ह्याचं खूळ नाही. युरोपातल्या देशांच्या परिषदेने 1975 साली इंग्रजीसाठी असाच आराखडा तयार केला. परक्या गावात गेलेल्या माणसाला टपाल कचेरीत, डॉक्टरकडे, दुकानात, स्टेशनवर नेमकं काय बोलता यायला हवं, इथून सुरुवात. 1979 मध्ये तसाच आराखडा स्पॅनिशचाही झाला. आज पुण्या-नागपुरात मुलं मोबाइलवर स्पॅनिश शिकतात, ती त्याच वाटेने : पाणी मागा, भाव विचारा, रस्ता विचारा. ती शिकतात याचा मला आनंद आहे. माझं मागणं एवढंच की माद्रिदच्या हॉटेलात कॉफी मागण्यासाठी जे कष्ट आनंदाने घेतले जातात, ते आदिलाबादच्या दवाखान्यात आईचं दुखणं सांगण्यासाठीही घेतले जावेत.

आणि याला आपल्याकडे फार मोठा आधार आहे. सेतुमाधवराव पगडी हे नाव मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून माहीत आहे. निलंग्यात 1910 साली जन्मलेला हा माणूस हैदराबाद संस्थानात अधिकारी होता आणि काही काळ आमच्या आदिलाबादेत होता. 1940 साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे पुढारी कुमरम भीम मारले गेले आणि गोंडांच्या जमिनीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. त्या काळात हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियाचा मानववंशशास्त्रज्ञ इथल्या गोंडांत येऊन राहिला. 1943 साली मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडलं, आणि गोंड मुलांची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. पगडी या कामात पडून गोंडी शिकले, कोलामी शिकले, आणि नुसते बोलून थांबले नाहीत, त्यांनी दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. फिर्याद घेऊन येणाऱ्या माणसाशी दुभाष्याशिवाय बोलता यावं म्हणून एक मराठी अधिकारी त्याची भाषा शिकतो, याहून व्यवहारी शिक्षण मला माहीत नाही. त्या काळी अधिकारी गरिबाची भाषा शिकला. आज आपल्याला राज्याची भाषा शिकायची आहे, ते तर त्याहून सोपं.

मराठी हरवेल अशी भीती काहींना वाटते. त्यांनी इथल्या परधानांकडे पाहावं. गोंडांच्या कुळांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या किकरी या तंतुवाद्यावर गाणारे हे लोक घरात मराठी बोलतात आणि गातात गोंडीत. केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, तिथे एका रात्रीत गोंडी, मराठी, तेलुगू, कोलामी आणि लंबाडी कानावर पडते. त्यात कुणाचीही भाषा गेलेली मी पाहिली नाही. घरात मराठी बोलणं हे आपल्या हातात आहे, ते कुठल्या कंडक्टरच्या किंवा कारकुनाच्या हातात नाही.

पुस्तिका कशी वापरायची, ते लेखिकेने आत सांगितलंच आहे. माझी एक भर. ही वाचत बसू नका. एका आठवड्याला एक धडा आणि त्या धड्यातली दहा वाक्यं त्याच आठवड्यात खऱ्या माणसाला म्हणा. समोरचा भराभर बोलू लागला तर ‘कोंचेम मेल्लगा चेप्पंडि’, जरा हळू सांगा. कळलं नाही तर ‘मळ्ळी चेप्पंडि’, पुन्हा सांगा. ही दोन वाक्यं पाठ असली की बाकीची चुकली तरी चालतात. चुकलं म्हणून आमच्याकडे कुणी हसत नाही. उलट, मराठी बाई तेलुगूत भाव विचारते म्हणून भाजीवाली अक्का मूठभर कोथिंबीर जास्त टाकते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी पिशवीसोबत ही पुस्तिकाही घेऊन निघा. पहिल्याच दुकानाशी थांबा आणि मोठ्याने म्हणा : नाकु कोंचेम तेलुगु वस्तदि. मला थोडी तेलुगू येते.